गणपूर्तीअभावी

पुस्तकांच्या कुठल्याही दुकानात हल्ली एक कपाट स्वावलंबनासाठी राखून ठेवलेलं असतं. पहाटे पाचला उठावं, थंड पाण्यानं अंघोळ करावी, ध्येय कागदावर लिहून आरशाला चिकटवावं आणि आपल्या आयुष्याचे शिल्पकार आपणच आहोत हे आरशातल्या माणसाला रोज बजावावं, असा साधारण या कपाटाचा सारांश. ही पुस्तकं खपतात. ती वाचून माणसं खरोखर पहाटे उठतात, धावतात, साखर सोडतात, म्युच्युअल फंडाचे हप्ते सुरू करतात. तेव्हा मराठी माणूस स्वतःच्या आयुष्याची जबाबदारी घ्यायला कचरतो, असा आरोप मी करणार नाही. घेतो की. फक्त त्याच्या आयुष्याची हद्द फ्लॅटच्या सेफ्टी डोअरपाशी संपते. पहाटे पाचला उठलेला हा शिल्पकार बूट चढवून बाहेर पडतो तेव्हा जिन्यातला दिवा गेलेला असतो. तो मोबाइलच्या उजेडात तीन मजले उतरतो, तासाभरानं तेच तीन मजले घाम पुसत चढतो आणि घरात शिरताना म्हणतो, "ही सोसायटी काही म्हणजे काही करत नाही." ही सोसायटी म्हणजे कोण, हा प्रश्न काही त्याला पडत नाही. शेअर सर्टिफिकेट कपाटाच्या आतल्या कप्प्यात, बायकोच्या दागिन्यांखाली, कुलूपबंद असतं. त्याचा अर्थ एवढाच, की जिन्याचा, दिव्याचा आणि दिवा न बदलणाऱ्या संस्थेचा तोही एक मालक आहे.

महाराष्ट्रात अशा सहकारी गृहनिर्माण संस्था लाखाहून अधिक आहेत, म्हणजे अभ्यासाला साहित्य भरपूर. त्यांच्याकडे नीट पाहिलं तर स्वावलंबनाच्या पुस्तकांचा पायाच थोडा कच्चा वाटू लागतो. एकट्यानं करायच्या कामात जबाबदारी घेणं तसं सोपं असतं, कारण ती दुसऱ्यावर ढकलायला तिथे दुसरा कोणी हजरच नसतो. माझं वजन मीच कमी करायचं, हे उघड आहे. शेजाऱ्यानं कितीही भात सोडला तरी माझं पोट आत जात नाही. खरी परीक्षा होते ती चाळीस जणांच्या मालकीच्या पाण्याच्या टाकीवर. तिथे प्रत्येकाच्या वाट्याला एक चाळिसांश जबाबदारी येते आणि मागे लपायला एकोणचाळीस पाठी असतात. मग आपण एक वेगळंच गणित मांडतो. हक्काच्या वेळी आपण पूर्णांक असतो. पाणी गेलं तर माझं पाणी गेलं, पार्किंग अडलं तर माझं पार्किंग अडलं. कामाच्या वेळी मात्र आपण अपूर्णांक होतो, आणि तो अपूर्णांक जवळच्या पूर्णांकात, म्हणजे शून्यात, धरण्याची आपली पद्धत आहे. असे चाळीस शून्य मिळवले की टाकी धुतली जात नाही.

याच्या पुराव्यासाठी मानसशास्त्राकडे जायची गरज नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी पुरेसे आहेत. हे उपविधी कोणी वाचत नाही ही खेदाची गोष्ट आहे, कारण मध्यमवर्गाचं इतकं नेमकं व्यक्तिचित्र आपल्या कादंबऱ्यांतही सहसा सापडत नाही. सर्वसाधारण सभेच्या गणपूर्तीचंच बघा. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतला जो आकडा लहान असेल तेवढी माणसं हवीत. म्हणजे दीडशे फ्लॅटच्या संकुलातून २० जण खाली उतरले तरी भागतं. तेवढेही उतरणार नाहीत हे कायदा करणाऱ्याला ठाऊक होतं, म्हणून पुढची सोय: अर्धा तास वाट बघायची, सभा तहकूब करायची आणि नोटिशीत म्हटल्याप्रमाणे त्याच दिवशी नंतरच्या वेळेला पुन्हा भरवायची. या दुसऱ्या सभेला गणपूर्ती लागत नाही. काम अगदीच अडून राहू नये, एवढाच बिचारा हेतू असणार. आपण त्या अपवादाचं वेळापत्रक करून टाकलं. नोटिशीत साडेनऊ लिहिलेले असले की सभा दहाची, हे बिल्डिंगमधल्या शाळकरी पोरांनाही कळतं. साडेनऊची सभा केवळ तहकूब होण्यासाठी जन्माला येते. चेअरमन, सेक्रेटरी आणि प्लास्टिकच्या खुर्च्या मांडणारा वॉचमन असे तिघे ती यथासांग पार पाडतात. वॉचमन सभासद नाही, पण उपस्थिती सर्वांत नियमित त्याचीच. ९७व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ साली राज्याच्या कायद्यात 'क्रियाशील सभासद' अवतरला. क्रियाशील ठरण्याच्या अटींतली एक अशी, की त्यानं पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेला हजर राहावं. ऑलिंपिकसुद्धा चार वर्षांनी येतं. पुढे या तरतुदीत फेरफार होत गेले, ते सोडून देऊ. पण पाच वर्षांतून एकदा खुर्चीवर बसणाऱ्याला क्रियाशील म्हणावं, असं ज्या विधिमंडळाला वाटलं त्यानं बाकीच्यांचा काय अंदाज बांधला असेल याची कल्पना करावी.

निवडणुकीचं तर विचारूच नका. आमदारकीच्या तिकिटासाठी माणसं पक्ष बदलतात, नगरसेवकपदासाठी भावकीत उभी फूट पडते. या राज्यात विनासायास मिळणारी सत्ता एकच, सोसायटीच्या सेक्रेटरीची, आणि ती घ्यायला कोणी तयार नसतं. २०१९ च्या दुरुस्तीनं २५० पर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थांना आपली निवडणूक आपणच घेण्याची मुभा दिली. स्वावलंबनाच्या दृष्टीनं हे मोठंच पाऊल. प्रत्यक्षात निवडणूक होते ती अशी: दहाच्या सभेला जमलेले तेरा जण आधी एकमेकांची नावं सुचवतात. मग प्रत्येक जण आपल्या तब्येतीचा, बदलीचा, मुलाच्या बारावीचा किंवा आईच्या गुडघ्यांचा दाखला देतो. मग कोणाच्या तरी लक्षात येतं की चौथ्या मजल्यावरचे जोशी आलेले नाहीत. जोशी बिनविरोध निवडून येतात. संध्याकाळी गावाहून परतलेल्या जोशींना गेटवरच वॉचमन सलाम ठोकतो आणि पंप बिघडल्याचं सांगतो. लोकशाहीत गैरहजेरीची शिक्षा म्हणून सत्ता देण्याचा प्रयोग जगात आणखी कुठे झाला असेल तर मला ठाऊक नाही. जोशींची पाच वर्षं भरली की त्यांना सन्मानानं पुन्हा निवडण्यात येतं, कारण आता त्यांना सगळं माहीत असतं.

पण हा विषय त्याच्या पूर्ण खोलीनिशी समजून घ्यायचा तर गळतीपाशी यावं लागतं. गळती ही काही नुसती प्लंबिंगची भानगड नव्हे, कार्यकारणभावाचा तो गहन प्रश्न आहे. खालच्याच्या छतावर एक पिवळा डाग उमटतो. उपविधींची विभागणी स्थूलमानानं सरळ आहे: गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक नळ यांची दुरुस्ती संस्थेनं करायची, फ्लॅटच्या आतलं ज्याचं त्यानं बघायचं. त्यामुळे त्या डागाचं कुळ आणि मूळ शोधण्याला फार मोठं आर्थिक महत्त्व येतं. खालचा म्हणतो, पाणी वरच्याच्या बाथरूममधून येतं. वरचा म्हणतो, आमची बाथरूम कोरडी ठणठणीत आहे, गेल्याच वर्षी टाइल्स बदलल्या, हे बाहेरच्या भिंतीतून येतंय. (टाइल्स बदलल्यानंतरच डाग आला, हा खालच्याचा उपप्रश्न असतो.) दोघांचं ज्या एका गोष्टीवर एकमत होऊ शकतं ती म्हणजे पाणी बाहेरून आलंय. बाहेरून आलं की खर्च सोसायटीचा, आणि सोसायटीचा खर्च म्हणजे कोणाचाच नाही. मग प्लंबर येतो. त्याला कोणी बोलावलंय, यावर त्याचं निदान अवलंबून असतं. नंतर सोसायटीकडे अर्ज, सोसायटीचं उत्तर, उत्तराला प्रत्युत्तर, उपनिबंधकांना प्रत. हा पत्रव्यवहार दोन पावसाळे चालतो, तोवर डागाला भारताच्या नकाशाचा आकार आलेला असतो. या साऱ्या काळात वरच्या बाथरूमचा कोपरा फोडून आत बघावं, हा पहिल्याच दिवशी करता येण्याजोगा उपाय मात्र कोणीही केलेला नसतो, कारण फोडून बघणं म्हणजे 'कदाचित आपलं असेल' हे मान्य करणं. फरशीच्या खर्चाहून तेवढ्या 'कदाचित'ची किंमत आपल्याला जास्त वाटते.

हे असं का व्हावं? आपल्याकडे संस्था चालवायची अक्कलच नाही, असं म्हणून मोकळं होता येत नाही, कारण इतिहास नेमकं उलटं सांगतो. आशियातली पहिली मानली जाणारी सहकारी गृहनिर्माण संस्था मुंबईतच, गावदेवीला, १९१५ साली उभी राहिली: सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी, श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानं. नोकरीपेशातली, भाड्यानं राहणारी माणसं एकत्र आली, संस्था स्थापली, आणि त्या संस्थेनं इमारती बांधल्या. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीनं शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत निर्माण झालं, आणि पापड लाटणारीच उद्योगाची सहमालक हे तत्त्व तिथे आजही चालतं. आज एखाद्या सोसायटीत सात बायका पापड घेऊन गच्चीवर गेल्या तर आधी किल्ली कोणाकडे आहे हे शोधावं लागेल, मग गच्चीचा व्यापारी वापर होतोय अशी तक्रार येईल, आणि एनओसीचा विषय पुढच्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर जाईल. तोपर्यंत पीठ आंबलेलं असणार.

गावदेवी आणि आजची गेटवाली सोसायटी यांच्यातला फरक माणसांच्या स्वभावात नाही, क्रमात आहे. गावदेवीला आधी माणसं जमली, मग संस्था झाली, मग भिंती आल्या. आपल्याकडे आधी बिल्डर येतो, मग भिंती येतात, मग नमुना फ्लॅटमधला सोफा पाहून माणसं येतात, आणि पुरेसे फ्लॅट विकले गेले की १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्यानुसार बिल्डरनं संस्थेची नोंदणी करून द्यायची असते. म्हणजे स्वतःचं राज्य स्वतः चालवण्याचं हे साधन आपल्याला किल्लीच्या जुडग्याबरोबर, मॉड्युलर किचनच्या वॉरंटी कार्डाशेजारी, तयार मिळतं. जे स्वतः उभं केलं नाही ते सेवा वाटतं, आणि सेवेबद्दल माणूस तक्रार करतो. जमीन संस्थेच्या नावावर करून द्यायला बिल्डर वर्षानुवर्षं टाळाटाळ करतो, हा आणखी एक अध्याय. त्यासाठी मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद २००८ मध्ये करावी लागली. बिल्डरनं जमीन दिली नाही तरी सक्षम अधिकाऱ्याकडे जाऊन ती आपल्या नावावर करून घेता येते. अर्ज आपणच करायचा असतो, तिथेच घोडं पेंड खातं. आपल्या पायाखालची जमीन आपल्या नावावर नाही याचं दुःख प्रत्येकाला असतं. झेरॉक्स काढायला कोण जाणार, एवढ्यावर ते दुःख अडलेलं असतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो वेळेचा, आणि तो वरवर पाहता बिनतोड आहे. विरारहून चर्चगेट किंवा हिंजवडीहून हडपसर असा प्रवास रोज करून आलेल्या माणसानं रविवारी सकाळी ताळेबंदावर चर्चा करावी, ही अपेक्षा अमानुष वाटते. वेळ नाही हे मी मान्यही केलं असतं, पण पुनर्विकासाच्या सभा आड येतात. शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुनर्विकासाच्या विशेष सभेला दोन तृतीयांश सभासद हवेत, आणि बिल्डर निवडताना चित्रीकरणही करावं लागतं. इथे अर्ध्या तासात गणपूर्ती माफ होण्याची सोय नाही. आणि गंमत म्हणजे तिची गरजही पडत नाही! साडेनऊच्या सभेला सव्वानऊला खुर्च्या संपलेल्या असतात. ठाण्याला राहणारा मुलगा येतो, पुण्याची मुलगी येते, फ्लॅट भाड्यानं देऊन कोथरूडला स्थायिक झालेले काका एसटी पकडून येतात, अमेरिकेतला सभासद तिथल्या मध्यरात्री व्हिडिओवर जागा असतो. ज्यांनी उपविधींचं मुखपृष्ठही पाहिलेलं नाही ते चटई क्षेत्र निर्देशांक, फंजिबल, कॉर्पस आणि भाड्याचे धनादेश यांवर अधिकारवाणीनं बोलतात. म्हणजे वेळ होता. तो चौरस फुटांसाठी राखून ठेवला होता. ज्या गळक्या टाकीमुळे इमारत पाडायची वेळ आली तिच्या वॉटरप्रूफिंगच्या सभेला यातले किती जण होते, हे हजेरीपुस्तकात सापडतं, आणि हजेरीपुस्तकाच्या वाटेला त्या दिवशी कोणीही जात नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार असतो: जाऊन उपयोग काय, कमिटीवाले पैसे खातात. काही खातात. रंगकामाचं कंत्राट मेव्हण्याला, लिफ्टच्या देखभालीचं मेव्हण्याच्या मित्राला, असं घडतं आणि त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण खाण्यासाठी आधी कोणीतरी बघत नसावं लागतं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, तिची नोटीस १४ दिवस आधी द्यावी लागते, तिच्यासोबत हिशेब येतात, लेखापरीक्षण सक्तीचं असतं. एवढ्या खिडक्या कायद्यानं उघड्या ठेवल्या असताना आत काय चाललंय ते दिसत नाही अशी तक्रार करणारा माणूस खिडकीकडे पाठ करून बसलेला असतो. आणि सगळ्यांत मोठ्यानं "हिशेब दाखवा" म्हणणारा बहुधा थकबाकीदारांच्या यादीत वरच्या क्रमांकावर असतो. त्याची तत्त्वनिष्ठा अशी, की कमिटी पैसे खाते म्हणून तो मेंटेनन्स भरत नाही, म्हणजे त्याच्या वाट्याचे तरी कोणी खाऊ नयेत. आदर्श उपविधींनी थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावण्याची मुभा दिली ती याच तत्त्वनिष्ठेला उद्देशून.

मात्र या आक्षेपाची दुसरी बाजू मला खरोखर अस्वस्थ करते. ती अशी, की जबाबदारी घेणारी माणसं कधी कधी भयंकर निघतात. वीस वर्षं सेक्रेटरी राहिलेला माणूस गच्चीची किल्ली जानव्यासारखी अंगावर वागवतो. कुठल्या फ्लॅटमध्ये कोण किती वाजता आलं हे त्याला पाठ असतं. मग नियम निघतात: अविवाहित मुलींना जागा द्यायची नाही, मासे शिजवणारा भाडेकरू नको, अमुक आडनावाचा तर नकोच, घरकामाला येणाऱ्या बायकांनी मोठी लिफ्ट वापरायची नाही. स्वतःचं राज्य स्वतः चालवण्याचा हा परिणाम असेल तर ते न चालवलेलंच बरं, असं कोणी म्हटलं तर मी त्याला लगेच खोडून काढू शकणार नाही. पण या नियमांची एक खूण बघावी. त्यांना आई-बाप नसतो. कोणत्या सभेत झाला हा ठराव, सूचक कोण, अनुमोदक कोण, असं विचारलं तर इतिवृत्तात त्याचा पत्ता नसतो. सेक्रेटरी म्हणतो, "मला व्यक्तिशः काही नाही हो, पण सभासदांना चालत नाही." सभासद म्हणतात, "आमचं काही नाही, सोसायटीचा नियम आहे." लिफ्टच्या दारात उभ्या असलेल्या त्या बाईला नाही म्हणणारा माणूस चाळीस घरांत शोधून सापडत नाही, आणि तरी ती पाच मजले चढून जाते. हा जबाबदारी घेण्याचा अतिरेक नव्हे. इथेही प्रत्येकानं आपला एक चाळिसांश शून्यातच धरलेला आहे. पंप न बदलण्याहून हे वाईट आहे, कारण पंपाच्या बाबतीत निदान न बदलणाऱ्याचंच पाणी जातं.

तिसरा आक्षेप आधुनिक आहे. ही कामं माणसानं स्वतः का करावीत? व्यावसायिक व्यवस्थापक नेमा, फॅसिलिटीवाल्या कंपनीला कंत्राट द्या, ॲप घ्या. यात गैर काही नाही. चेअरमननं स्वतः टाकीत उतरावं असं कोणत्याही उपविधीत नाही. पण ॲप तक्रार नोंदवतं, ठराव करत नाही. व्यवस्थापक सांगू शकतो की इमारत १५ वर्षांची झाली, आता ३० वर्षं पुरी होईपर्यंत दर पाच वर्षांनी आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी बांधकामाचं ऑडिट करायला हवं; त्या ऑडिटमधून निघणाऱ्या खर्चाला हात वर करायचं काम त्याला कंत्राटात देता येत नाही. सिंकिंग फंडाचं उदाहरण घ्या. जमिनीची किंमत वगळून बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान पाव टक्का, आणि दुरुस्ती निधीसाठी किमान पाऊण टक्का, असं उपविधी सांगतात. फ्लॅटचा बांधकाम खर्च १२ लाख धरला तर दोन्ही मिळून महिन्याला हजार रुपये. दोघांनी मल्टिप्लेक्सला सिनेमा पाहून मध्यंतरात पॉपकॉर्न खाल्लं की याच्या आसपास जातात. पण सभेत या हजाराचा विषय निघाला की माणसं सात पिढ्यांच्या गरिबीचा इतिहास काढतात. 'एवढे पैसे साठवून काय करायचंय' असं विचारणाऱ्यांत सहा महिन्यांपूर्वी स्वतःच्या घरात इटालियन मार्बल बसवलेले गृहस्थ असतात. तो मार्बल ज्या स्लॅबवर बसलाय तो स्लॅब त्यांच्या लेखी सोसायटीचा असतो.

ज्यांना हा प्रश्न उलट्या बाजूनं सोडवायचा आहे त्यांच्यासाठी आता स्वयंपुनर्विकासाचा मार्ग आहे. बिल्डर नाही, संस्थाच जुनी इमारत पाडणार, कर्ज काढणार, वास्तुविशारद आणि कंत्राटदार नेमणार, जादा फ्लॅट विकून कर्ज फेडणार, आणि एरवी बिल्डरला गेला असता तो नफा मोठ्या घरांच्या रूपानं सभासदांकडे राहणार. २०१९ मध्ये राज्य सरकारनं त्यासाठी सवलती जाहीर केल्या, मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनं कर्जाचं धोरण आखलं, आणि मुंबईच्या उपनगरांत अशा इमारती उभ्याही राहिल्या. गावदेवीचा क्रम शंभर वर्षांनी पुन्हा लागला म्हणायचा: आधी माणसं, मग भिंती. अर्थात माणसं तीच असल्यामुळे या मार्गावरची चर्चाही ठरलेल्या वळणानं जाते. किती जादा चौरस फूट मिळणार, इथपर्यंत सभागृह एकदिलानं टाळ्या वाजवतं. मग बँकेच्या कागदांवर सह्या करणाऱ्या पदाधिकाऱ्यांचा विषय निघतो आणि गुडघेदुखी, बदली, मुलाची बारावी ही सगळी जुनी मंडळी पुन्हा सभागृहात हजेरी लावतात. जोशी या वेळी सावध असतात. दोन्ही सभांना वेळेवर येऊन पहिल्या रांगेत बसतात.

तरीही काही ठिकाणी सह्या होतात, पाया खणला जातो, दोन-तीन निवृत्त माणसं रोज उन्हात उभी राहून सिमेंटच्या गोण्या मोजतात, आणि तीन-चार वर्षांनी कलश घेऊन लोक नव्या घरात जातात. यातली खरी अडचण पहिल्या पावसाळ्यात कळते. बेडरूमच्या कोपऱ्यात ओल दिसते, माणूस सवयीनं बिल्डरच्या नावानं शिवी तोंडावर आणतो, आणि त्याच्या लक्षात येतं की बिल्डर आपणच आहोत. क्षणभर तो गोंधळतो. मग त्याला आठवतं की आर्किटेक्ट बाहेरचा होता.